कोरडी पूड

सोमवारी सकाळी सव्वादहाला प्रयोगशाळेतल्या एका बाटलीचं बूच उडालं, छताला आपटलं आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी येऊन पडलं. ती दचकली आणि मग स्वतःशीच हसली. बोटभर बाटली, आत चिमूटभर पूड, वर रबराचं बूच. बंद बाटलीचं बूच आपण होऊन उडत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, पण सुट्टीनंतरच्या सकाळी माणूस कामावर वेळेत येतो आणि त्याचं डोकं जरा मागून येतं. तिला वाटलं, आपणच बूच नीट बसवलं नसेल. तिनं चहा संपवला, कप विसळला आणि मग बाटली उचलली.

बाटलीच्या आतल्या बाजूला पाण्याचे दोन-तीन थेंब चिकटले होते. धुतलेल्या बाटल्यांच्या फळीवरून घाईत उचललेली बाटली, नीट वाळलेलीच नव्हती. आणि पूड जिथं पाण्याला लागली होती तिथं अजून बारीक बुडबुडे येत होते.

कारखाना खाणीतला दगड दळून, आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम वेगळं काढायचा. शेवटच्या टाकीत हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की पिवळा साका खाली बसे. तो भट्टीत वाळवायचा, पिंपात भरायचा आणि पुढच्या कारखान्याला धाडून द्यायचा, एवढंच इथलं काम. युरेनियम म्हटलं की बाहेरच्यांना किरणं आठवतात आणि त्यांचे डोळे मोठे होतात. आत काम करणाऱ्याला किरणांपेक्षा भीती धुळीची. ही धूळ श्वासातून आत गेली की मूत्रपिंडाची वाट लावते, आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून इथं सगळे धुळीला भ्यायचे, आणि जो जास्त भ्यायचा त्याला चांगला कामगार म्हणायचे.

अकरा वर्षं ती ही पिवळी पूड तपासत आली होती. मागच्या आठवड्यात मात्र नवी भट्टी आली. जुनी भट्टी बिचारी मंद आचेवर दिवसभर रेंगाळायची. नवी कितीतरी तापायची आणि दोन तासांत माल बाहेर टाकायची. त्यामुळे सगळे खूश होते. फक्त पुडीचा रंग बदलला. पिवळी जाऊन ती नारिंगी झाली.

तिनं ती क्ष-किरणांच्या यंत्रात लावून पाहिली होती. पदार्थाच्या कणांची आत शिस्तीत मांडणी असेल तर यंत्राच्या कागदावर उंच, टोकदार रेषा उमटतात, आणि त्या रेषांवरून पदार्थ ओळखता येतो. या नारिंगी पुडीच्या कागदावर एकही रेष नव्हती, नुसता एक पसरट फुगवटा. म्हणजे आत मांडणीच नाही, सगळे कण गर्दीत उभे. तिनं कागद साहेबांना, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञांना दाखवला. साहेब सज्जन गृहस्थ, पण जे यंत्राला दिसत नाही ते नाहीच असं मानणारे. ते म्हणाले, रेषा नाहीत तर राहू द्या, ओलावा किती आहे तेवढं लिहा. ओलावा नव्हताच. तिनं मालाच्या कागदावर नेहमीच्या रकान्यात लिहिलं, ‘कोरडी’, आणि खाली सही केली. तो शब्द असला की पिंप बंद करायला मोकळीक मिळत असे.

आता तिनं दुसरी, खडखडीत कोरडी बाटली घेतली. नारिंगी पूड घातली, वर पाण्याचे तीन थेंब सोडले. पूड फसफसली. एका काडीचं टोक पेटवून विझवलं आणि निखारा बाटलीच्या तोंडाशी धरला. काडी भपकन पुन्हा पेटली. प्राणवायू, दुसरं काही नाही.

तेव्हा तिला सगळं उमगलं, आणि खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. नव्या भट्टीनं पुडीतलं पाणी घालवलं होतं, पण पेरॉक्साइडमधला जादा प्राणवायू पुरता घालवला नव्हता. तो त्या बेशिस्त गर्दीत जोडीजोडीनं अडकून बसला होता. पूड पाणी ओढून घ्यायची आणि त्याच्या बदल्यात प्राणवायू सोडून द्यायची. आपण जिला कोरडी ठरवून सही केली ती नुसती कोरडी नव्हती, तहानलेली होती. तिनं वही ओढली आणि भराभर लिहायला घेतलं. पाणी किती, वायू किती, असा हिशेब मांडला. पेलाभर पाणी जर बंद पिंपात गेलं तर आत इतका वायू होईल की झाकण टिकणार नाही, असं उत्तर आलं. पण बंद पिंपात पाणी जाईलच कशाला?

लेखणी तिथंच थांबली.

पिंपं बंद करायचं काम तिच्या वडिलांचं होतं. सगळा कारखाना त्यांना ‘फडकेकाका’ म्हणायचा, आणि नवीन आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. आडनावाचा काही संबंध नव्हता. त्यांच्या हातात कायम एक ओलं फडकं असायचं, त्यावरून ते नाव पडलं होतं. पिंप गळ्यापर्यंत भरलं की ते ओलं फडकं चार घड्या करून पुडीवर पसरायचे आणि मग झाकण दाबायचे. नाहीतर झाकण बसताना आतली हवा फुस्सकन बाहेर येते आणि धूळ थेट तोंडावर उडते. फडकं पिंपातच राहायचं. पुढच्या कारखान्यातले लोक ते काढून टाकायचे. पिवळ्या पुडीला त्याचं काही नव्हतं. ती पाण्यातूनच आलेली, तिला पाण्याचं काय कौतुक!

आणि ही युक्ती वडिलांची नव्हती. तिची होती. नोकरी लागली त्या वर्षी तिनं गोदामात जाऊन वडिलांना झाकण लावताना पाहिलं, आणि त्यांच्या भुवयांवर बसलेली पिवळी धूळ पाहून ती इतकी घाबरली की तिला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच घरातली जुनी चादर फाडून त्यांच्या डब्याच्या पिशवीत भरली. अमुक इतकं ओलं करा, पाणी निथळायला नको पण चांगलं ओलं हवं, असं दहादा बजावलं. वडिलांनी थट्टा केली, की लेक शिकली आणि बापाला फडकं मारायला लावलं. पण त्या दिवसापासून त्यांनी एक पिंप फडक्याशिवाय बंद केलं नाही.

शनिवारी सहा पिंपं बंद झाली होती, सगळी नारिंगी पुडीची. काल दिवसभर ती पत्र्याच्या गोदामात तापली होती. आणि आज सकाळपासून वडील त्या गोदामात एकटे होते, पिंपांवर क्रमांक रंगवत.

ती साहेबांच्या खोलीत गेली ती दार न वाजवता. जीभ अडखळत होती, वाक्यं उलटसुलट येत होती. साहेब म्हणाले, शांतपणे लिहून आणा, आपण बघू. एरवी तिनं लिहूनही आणलं असतं. आता तिनं त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि गोदामाचा क्रमांक फिरवला. घंटी वाजत राहिली. प्रत्येक घंटीला तिला वडील वेगळ्या ठिकाणी दिसत होते: दाराशी, नळाशी, आणि मग पिंपावर वाकलेले. नवव्या की दहाव्या घंटीला फोन उचलला गेला.

“गोदाम,” वडील म्हणाले. फोनवर ते कधी दुसरं काही म्हणत नसत.

“बाबा, मी बोलतेय. तुम्ही पिंपांपाशी आहात का?”

“मग कुठं असणार? बरं झालं फोन केलास. एका पिंपाचं पोट सुटलंय बघ. झाकण बोटभर वर आलंय. दोन आटे सैल केलेत मी पट्टीचे, आणखी दोन केले की हवा निघून जाईल.”

पिंपाच्या झाकणाभोवती लोखंडी पट्टी असते आणि ती एका बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट सोडायचा म्हणजे झाकणावर छाती टेकवून वाकायला लागतं. हे तिला पाठ होतं, कारण त्यांना तसं वाकलेलं तिनं हजार वेळा पाहिलं होतं.

“त्याला हात लावू नका. बाहेर या.”

“अगं, उन्हानं फुगलंय. तेलाचे डबे फुगलेले काय मी पाहिले नाहीत?”

तिच्या ओठांवर आलं, बाबा, ते उन्हानं नाही, फडक्यानं फुगलंय. तिनं ते गिळलं. वडिलांना ती ओळखत होती. आपल्या हातून काही चुकलंय हे कळलं की हा माणूस आधी ते निस्तरणार आणि मग बाकीच्या गोष्टी. फडकं म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, असं होय, थांब, काढूनच टाकतो. खरं कारण सांगावं तर ते झाकण उघडणार, आणि कारण सांगितलं नाही तर हलणार नाहीत. कारण कळल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, साहेबांचंही नाही.

“काय झालंय ते तरी सांगशील?” वडील म्हणाले. फोनमध्ये पाना लोखंडाला घासल्याचा आवाज आला. फोनची लांब तार ओढून ते पुन्हा पिंपापाशी गेले होते.

“बाबा, राहू दे तो बोल्ट.”

पलीकडे पाना घासायचा थांबला. त्या घरात बापाला ‘तू’ म्हणायची रीत नव्हती. लहानपणी बोबडं बोलतानाही ती त्यांना अहो-जाहोच करायची आणि बघणारे हसायचे.

“काय म्हणालीस?”

“राहू दे म्हणाले. पाना टाक आणि मागच्या दारानं बाहेर हो. काही विचारू नकोस. तू आत्ताच्या आत्ता बाहेर हो, बाबा.”

ती ओरडत नव्हती. तेवढा श्वासच तिच्यात उरला नव्हता. रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा खट्ट आवाज आला आणि मग बुटांचा. बूट जवळ चाललेत की लांब, ते तिला कळेना. तिनं रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबून धरला. पत्रा वाकताना होतो तसा टक्क आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. मग एवढा मोठा दणका झाला की तो तिला फोनमधून आणि खिडकीतून एकदमच ऐकू आला, आणि फोन बंद पडला.

साहेबांनी उठून भिंतीवरच्या भोंग्याचं बटण दाबलं. तेवढं त्यांनी केलं, आणि पुढे कधी त्यांच्याबद्दल वाईट बोलायची वेळ आली तेव्हा ती हे आठवून गप्प बसली.

ती जिन्यावरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. अंगणात आली तेव्हा गोदामाच्या छपराला एका जागी भोक पडलेलं होतं आणि पत्रा फुलासारखा वर उमलला होता. पुढच्या दारातून नारिंगी धूळ सावकाश बाहेर येत होती. लोक पळत होते ते वाऱ्याच्या उलट दिशेला, शिकवलं होतं तसे. ती सरळ दाराकडे निघाली. पहारेकऱ्यानं तिला कमरेला धरून मागे ओढलं. तोंडावर मुखवटा नाही, आत जाता येणार नाही, असं तो सांगत होता. ती त्याला मारत होती. अकरा वर्षं धुळीला घाबरलेली बाई त्या धुळीत शिरायला धडपडत होती आणि तिला फक्त एकच दिसत होतं, की ते बूट पिंपाकडे गेले असतील तर?

“सोड तिला,” मागून कोणीतरी म्हणालं.

वडील पाण्याच्या टाकीकडून चालत येत होते. मागच्या दारानं निघून, अख्ख्या गोदामाला वळसा घालून. अंगावर धुळीचा कण नव्हता. हातात पाना होता. तो टाकायला सांगितलेलं, तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं.

“बापाला अरे-तुरे करतेस?” ते म्हणाले. त्यांना रागवायचं होतं, पण शब्द नीट बाहेर पडत नव्हते. तिनं त्यांच्या छातीवर कपाळ टेकलं. त्यांचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की तिला ते कपाळाला जाणवत होतं. माणूस बाहेरून कितीही खंबीर दिसो, भ्यायलेला होता. तिला त्यांच्याबद्दल फार माया आली, आणि स्वतःची फार लाज वाटली.

फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत त्या दोघांना बसवलं. कोणीही गोदामाकडे फिरकायचं नाही, उरलेली पाच पिंपं आपापली शांत होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हे तिनं साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी लगेच मानलं. मग तिनं वडिलांना सगळं सांगितलं, नारिंगी पुडीचं, पाण्याचं आणि फडक्याचं. ती युक्ती माझी होती, चूक माझी आहे, हेही सांगितलं. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “मग बुधवारची दोन?”

“कुठली दोन?”

“भट्टी लावली त्या दिवशी चाचणीचा माल काढला ना. दोन पिंपं निघाली. गुरुवारी जुन्या मालाबरोबर गेली. त्यातही मी फडकं ठेवलंय.”

तिला ती पिंपं आठवलीच नव्हती. चाचणीचा नमुना तिनंच तपासला होता, कागदही तिनंच भरला होता. साहेबांनी खिशातली वही काढून पुढच्या कारखान्याचा क्रमांक शोधला. त्यांच्या बोटांना पानं उलटता येईनात, तेव्हा पहारेकऱ्यानं उलटून दिली.

पलीकडच्या कारकुनानं लगेच फोन घेतला, आणि तिनं आपल्या पिंपांचं नाव काढलं. मोकळ्या स्वभावाचा माणूस वाटला.

“तुमचंच पिंप ना? अहो, नेमकं तेच बघतोय आम्ही. फुगून बसलंय. आमचा माणूस पाना घेऊन गेलाय मघाशीच. मोकळं झालं की कळवतो.”

तिनं सांगायला सुरुवात केली. ती पहिल्यापासून सांगायला लागली, भट्टीपासून, पेरॉक्साइडपासून, कारण तिला तसंच सांगता येत होतं. कारकून मधेच म्हणाला, पण बाई, ओलाव्याचा प्रश्नच कुठं येतो, तुमच्याच कागदावर कोरडी असं लिहिलंय. सही आहे खाली. ती म्हणाली, सही माझीच आहे, ते चुकलंय. तो म्हणाला, म्हणजे ओली आहे का? ती म्हणाली, नाही, कोरडीच आहे, पण... आणि तिला पुढचं वाक्य सापडेना. तिकडे एक माणूस झाकणावर वाकलेला होता आणि ती इथं एका शब्दापाशी अडकली होती.

वडिलांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

“ते पिंप मी बंद केलंय,” ते म्हणाले. “तसलंच एक इथं आत्ता फुटलं. झाकण छप्पर फोडून गेलं. थोड्या वेळापूर्वी मी त्याच्यावर वाकलो होतो. तुमच्या माणसाला हाक मारा, भाऊ. आधी हाक मारा, मग काय ते विचारा.”

कारकुनानं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. वडील उभेच राहिले. ती त्यांच्या दंडाला धरून रिसीव्हरशी कान लावून होती. तिकडून एका मोठ्या जागेचा आवाज येत होता, कुठंतरी पंखा, कुठंतरी गाडी मागे घेतल्याची शिटी. हाक ऐकू आली. मग दुसऱ्यांदा, लांबून. उत्तर नव्हतं. ती आकडे मोजायला लागली, दणका ऐकू आला तर किती आकड्याला आला हे कळावं म्हणून, आणि आपण असलं मोजतोय हे लक्षात आल्यावर तिनं ओठ चावला. वडील डोळे मिटून उभे होते.

रिसीव्हर कोणीतरी उचलला. धापा टाकल्याचं ऐकू आलं, आणि मग एक वैतागलेला आवाज.

“कोण बोलतंय? कशाला बोलावलं? एकच आटा राहिला होता हो.”

वडिलांनी बोलायला तोंड उघडलं.

“हात धड आहेत ना तुझे?” त्यांनी विचारलं.

“आहेत की दोन्ही,” तो म्हणाला. थोडा थांबला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. “का हो काका? काय झालं?”

वडिलांना ते सांगवेना. ते हळूच बाकावर बसले आणि रिसीव्हर त्यांनी तिच्याकडे वर केला. तिनं तो घेतला, आणि आता त्या माणसाला तरी समजेल असं, एकेक शब्द शोधत, सांगायला लागली.